खिडकीतला मावळ

मुंबई-पुणे रेल्वेप्रवासाचा विषय निघाला की माणसं खंडाळ्याच्या घाटाबद्दल बोलू लागतात. बोगदे, दऱ्या, पावसाळ्यात रुळांच्या कडेला कोसळणारे धबधबे. हे कौतुक खरंच आहे, त्याला माझी ना नाही. पण लोणावळा आलं की हीच माणसं चिक्की घेतात, डोळे मिटतात किंवा फोनमध्ये डोकं घालतात आणि पुणं येईपर्यंत बाहेर बघत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. लोणावळा ते पुणे हा ६४ किलोमीटरचा टप्पा सह्याद्री समजून घ्यायला घाटापेक्षाही चांगला आहे, असं माझं ठाम मत आहे. हे मत एका फेरीत झालेलं नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी लोणावळ्याहून शिवाजीनगरला लोकलने जात-येत होते. सवलतीचा पास, महिलांचा डबा आणि गाडी लोणावळ्यालाच सुटत असल्यामुळे हमखास मिळणारी खिडकी, एवढं माझं भांडवल होतं. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. भूगोल, इतिहास, शेती यांतलं आज जे काही थोडंफार कळतं, त्याची सुरुवात त्या खिडकीपाशी झाली.

रेल्वेचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो अनेकांनी लिहिला आहे. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, म्हणजे घाट तयार होण्याच्या आधी. तेव्हा मुंबईहून येणारे प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढत आणि वर पुन्हा गाडीत बसत. १८६३ मध्ये बोरघाटातली रेल्वे सुरू झाली आणि ही ओढाताण संपली. १९२९ मध्ये विजेच्या गाड्या आल्या, १९३० मध्ये डेक्कन क्वीन, आणि पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर, पुणे. ही नावं मला आजही एका दमात म्हणता येतात.

आता खिडकीकडे वळू.

या मार्गावरची सगळ्यात मोठी गोष्ट डोळ्यांना एकदम दिसत नाही, ती हळूहळू उमगते. ती म्हणजे पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे. दोन्ही गावांच्या उंचीत फार फरक नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, पुणं साडेपाचशेच्या थोडं वर. फरक आहे तो घाटमाथ्यापासूनच्या अंतराचा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला आपटून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर रिते होतात. पुढे सरकताना त्यांच्याकडे द्यायला फारसं उरत नाही. शाळेत आपण याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो, आकृती काढतो आणि गुण मिळवून विसरून जातो. लोकलमध्ये ही आकृती खिडकीबाहेरून सरकत असते. जुलैत लोणावळ्याला गाडीत बसताना आम्ही चिंब असायचो. डब्याची जमीन ओली, खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्या. कामशेतला झडप वर करता येई. तळेगावला भुरभुर. आणि शिवाजीनगरला उतरावं तर फलाट कोरडा ठणठणीत. कॉलेजात लोणावळ्याच्या मुली लांबूनच ओळखू येत: कडकडीत उन्हात हातात मोठी काळी छत्री आणि पायांत रबरी चपला!

झाडंही तेच सांगतात. लोणावळ्याच्या आसपास जांभूळ, अंजनी, हिरडा अशी दाट हिरव्या पानांची मंडळी. अंजनी फुलते तेव्हा फांद्यांवर निळी-जांभळी फुलं अशी लगडतात की फांदी दिसेनाशी होते. वडगावच्या पुढे झाडं विरळ होतात आणि देहूरोडपर्यंत बाभूळ, कडुनिंब आणि सुबाभूळ यांचं राज्य सुरू झालेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. कुठलं झाड कुठल्या वळणावर आहे हे पासधारकाला पाठ होतं. एका दिवसाच्या प्रवाशाला पळस दिसतो, पण रोजच्या प्रवाशाला पळसावरची पहिली काळसर कळी, भर आणि झड दिसते. रोज तेच दृश्य बघून कंटाळा येत नाही का, असं मला विचारत. पण ते तेच नसतंच. आणि ते कसं पालटलं हे कळायला काल तिथे काय होतं ते ठाऊक असावं लागतं.

आता माझा सगळ्यात लाडका टप्पा: लोणावळा ते कामशेत, उजव्या हाताची खिडकी, लोहगड आणि विसापूर.

लोणावळा सोडल्यावर उजवीकडे जरा पुढे नजर टाकली की दोन्ही गड एकमेकांपासून सुटे दिसतात. डावीकडचा रुंद, सपाट माथ्याचा विसापूर आणि उजवीकडचा लोहगड. मधे गायमुख खिंड. गाडी मळवलीकडे जाऊ लागते तशी ही खिंड रुंदावत जाते. दोन गड जणू एकमेकांपासून दूर सरकतात आणि मळवलीच्या फलाटावरून बघावं तर त्यांच्यामधे भलंमोठं आभाळ असतं. लोहगडाची ती निमुळती लांब सोंड, विंचूकाटा, इथून चांगली पसरलेली दिसते. मळवली सुटली की खेळ उलटा सुरू होतो. लोहगड विसापूरकडे सरकू लागतो, खिंड मिटत जाते आणि कामशेतजवळ लोहगड विसापूरच्या आड जातो. विसापूर लोहगडाहून सुमारे पन्नास मीटरने उंच आणि कामशेतच्या बाजूला पुढे उभा, त्यामुळे तो लोहगडाला अगदी झाकून टाकतो. कामशेतच्या मुलींना त्यांच्या फलाटावरून एकच गड दिसे. लोणावळ्याच्या आम्हा मुलींना दोन. यावरून आमचे डब्यात खरे वाद होत.

असं का होतं, हे मी एका वहीत तिन्ही स्टेशनं आणि दोन्ही गडांचे ठिपके काढून, पट्टीने रेषा ओढून स्वतःच शोधून काढलं. कामशेतहून निघालेली रेषा आधी विसापूरवरून आणि मग थेट लोहगडावरून जाते. दोन्ही गड आणि कामशेत एका ओळीत आहेत. आणि गाडी पुढे जाते तशी जवळची वस्तू भराभर मागे सरकते, लांबची सावकाश: रुळाकडेचे विजेचे खांब धावतात, शेतातली झाडं चालतात, डोंगर रांगतो आणि त्याच्या मागचं आभाळ आपल्याबरोबर येत राहतं. लांबच्या वस्तूचं अंतर मोजायला खगोलशास्त्रज्ञ हेच तत्त्व वापरतात, हे मला पुढे कळलं. पण एका गडाआड दुसरा गड जाताना बघण्यात जे सुख होतं, ते त्या ज्ञानाने कमी झालं नाही, उलट वाढलं.

याच लपण्या-दिसण्यात इतिहासही आहे. विसापूर उंच आणि लोहगडाला खेटून. ज्याच्या हाती विसापूर, त्याच्या तोफा लोहगडावर रोखलेल्या. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगड हाती यायला वेळ लागला नाही. पुस्तकात हे वाक्य वाचलं तेव्हा मला नकाशा लागला नाही, कारण कामशेतचं दृश्य डोळ्यांसमोर होतं. लोहगडावर नाना फडणविसांनी बांधलेलं मोठं टाकं आहे. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत लोहगड आहे. विसापूर नाही. मला विसापूरचीही तेवढीच ओढ वाटते. त्याची लांबच लांब तटबंदी पावसाळ्याच्या अखेरीला सकाळच्या उन्हात गाडीतूनही स्पष्ट दिसते.

गडांचा आकार असा का, हेही खिडकीतून शिकता येतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर इथे पसरले. टणक थर झिजायला वेळ लागतो, म्हणून तिथे उभा कातळकडा राहतो. मऊ थर लवकर झिजतो, तिथे उतार तयार होतो. कडा, उतार, कडा, उतार आणि वर सपाट माथा. गड बांधणाऱ्यांना अर्धी तटबंदी डोंगरानेच करून दिली. उन्हाळ्यात गवत वाळून गेलं की हे थर इतके स्वच्छ दिसतात की मोजता येतात, आणि उजवीकडच्या विसापूरवरचा एखादा थर डावीकडच्या डोंगरात त्याच उंचीवर पुन्हा सापडतो. मधली सगळी दरी पाण्याने कोरून नेली, हे त्या क्षणी पटतं.

मळवलीला दोन्ही बाजूंच्या खिडक्या हव्यात, ही माझी नेहमीची अडचण होती. उजवीकडे विसापूरच्या पायथ्याशी भाजे, डावीकडे लांब डोंगरात कार्ले. भाज्याची लेणी इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासूनची, कार्ल्याचं भव्य चैत्यगृह त्यानंतरचं. कोकणातल्या बंदरांपासून घाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी वाटेवर ही लेणी खोदली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी तिथे आहे, आणि यवन म्हणवणारे दातेही आहेत. ती वाट याच खोऱ्यातून जायची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे तांडे, नंतरचा खडीचा रस्ता, १८५८ची रेल्वे आणि विसापूरच्या पायाशी दिसणारा द्रुतगती मार्ग हे सगळे एकाच खोऱ्यात एकमेकांशेजारून गेले आहेत. मोटारीतून जाणाऱ्यांना गड दिसतात न दिसतात तोच कामशेतचा बोगदा येतो. ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासची लोकलची चाल बघण्यासाठी अगदी योग्य आहे, असं मला वाटतं.

भाज्याला मी पहिल्यांदा गेले ती कॉलेजातून परतताना. मैत्रिणीबरोबर मळवलीला उतरले, गावातून पायऱ्या चढले. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे उतरतं ऊन चैत्यगृहात थेट स्तूपापर्यंत पोचलं होतं. छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, आणि जिथे दगडच पुरेसा होता तिथेही कारागिरांनी लाकडी इमारतीचं रूप जपलं आहे. शेवटच्या विहाराच्या शिल्पांत दोन तालवाद्यं वाजवणारी एक स्त्री आहे. तिच्यासमोर आम्ही इतका वेळ थांबलो की परतीची लोकल चुकली, आणि पुढची येईपर्यंत मळवलीच्या फलाटावर बसून विसापूर काळा होताना पाहिला. नंतर विसापूरवर चढले तेव्हा उलट गंमत केली. तटावर बसून खाली माझीच लोकल जाताना बघितली. गाडी आधी दिसते आणि भोंगा जरा मागाहून कानी येतो.

मळवलीला चैत्रात डबा कोळी बायकांनी भरून जायचा. कार्ल्याच्या लेण्यांशेजारी एकवीरेचं ठाणं आहे, आणि मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांतून लोक तिच्या यात्रेला येतात. मोठी फुलं माळलेल्या, भरजरी लुगड्यांतल्या त्या बायकांमुळे आमचा रोजचा डबा एकदम सणाचा होई.

कामशेतपासून भातशेती सुरू होते. खरं तर ती आधीही असते, पण गडांपुढे तिच्याकडे माझं लक्ष जात नसे. तिच्याकडे बघायला मला एका मावशींनी शिकवलं. त्या कामशेतला चढत. उन्हाळ्यात करवंदं-जांभळांची पाटी आणि एरवी भाजीच्या जुड्या घेऊन पिंपरीच्या बाजाराला जात. मी पुस्तक काढलं की म्हणत, “पोरी, पुस्तक काय पळून जातंय? त्या वरल्या खाचराकडं बघ, आज आवण लावायला घेतलंय.” मार्च ते मेमध्ये राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात. त्या जमिनीवर काळे चौकोन दिसतात. जूनमध्ये त्याच चौकोनांत रोपं उगवतात आणि पोपटी होतात. जुलैत चिखलणी होऊन लावणी. बायका ओळीने वाकलेल्या, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद. सप्टेंबरात लोंब्या, बांधावर तेरडा आणि डोंगरउतारावर पिवळीधमक सोनकी. दिवाळीच्या सुमारास कापणी, मग पेंढ्यांच्या उडव्या, झोडणी, आणि त्याच खाचरात ओलीवर हरभरा किंवा मसूर. विसापूरच्या माथ्यावर ढग बसला की मावशी भाजीवर गोणपाट टाकत. “गडानं टोपी घातली,” एवढंच म्हणत. बहुतेक वेळा वडगावच्या आत सर येई.

इथला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि त्याला नाव मिळालं ते याच खोऱ्यातल्या नदीचं. मळवली-कामशेतच्या बाजूला इंद्रायणी रुळांच्या जवळपास असते. हिवाळ्यात सकाळी नदीवर धुक्याचा पट्टा धरतो आणि पाणी दिसलं नाही तरी नदी कुठून वळते ते त्या पट्ट्यावरून कळतं. पुढे ती डावीकडे निघून जाते, देहू-आळंदीकडे.

वडगावला एक छोटं थांबणं भाग आहे. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनी इथे कोंडलं आणि तह करायला लावला. त्या मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट इथल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवला. शत्रूच्या शूर माणसाला असं प्रेमाचं नाव देणारा हा मुलूख आहे, याचा मला अभिमान वाटतो.

तळेगावला एखाद्या एक्स्प्रेसला वाट द्यायची असली की लोकल बाजूला घेत. डब्यातल्या नोकरदार बायका घड्याळं बघत, आणि मी डावीकडे जाऊन भंडाऱ्याचा डोंगर बघे. भंडारा, भामचंद्र आणि घोरवडेश्वर हे तुकोबांच्या एकांताशी जोडलेले तीन डोंगर. त्यांतला घोरवडेश्वर तर बेगडेवाडीजवळ अगदी रुळांच्या शेजारी येतो. याच तळेगावात गो. नी. दांडेकर राहत. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ मी लोकलमध्येच वाचली, पवन मावळाचे डोंगर खिडकीबाहेर असताना. ती कादंबरी वाचायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. १९०८ साली लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखानाही तळेगावचाच.

त्यानंतर गर्दी. देहूरोडला बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केलेला विहार आहे. मग आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कारखाने आणि इमारती. खिडकीशी खांदे येऊन भिडत आणि बाहेरचं दिसेनासं होई. तरी शेवटच्या टप्प्यात तीन नद्या येतात, त्या मी कधी चुकवल्या नाहीत: दापोडीच्या अलीकडे पवना, पलीकडे मुळा आणि शिवाजीनगर सोडल्यावर संगमाजवळ मुठा. मुठेचा पूल बघायला मी शिवाजीनगरला न उतरता कधीकधी मुद्दाम पुण्यापर्यंत जाई आणि तिथून कॉलेजला चालत येई. पावसाळ्यात पुण्यात थेंब नसताना या नद्यांचं पाणी गढूळ होऊन चढलेलं दिसे. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस असा एक-दोन दिवसांनी शहरात येऊन पोचतो. पुणेकरांनी हे पाणी कुठून येतं ते एकदा तरी लोकलने जाऊन बघितलं पाहिजे.

मला सलते ती एक गोष्ट. तळेगावपर्यंत येऊन थांबलेली शहराची कड आता कान्ह्याच्या पुढे सरकली आहे. खाचरांमधे प्लॉटच्या सिमेंटच्या खुणा दिसतात, डोंगरउतारांवर लाल मातीचे ताजे घाव दिसतात. घरं लागणार, माणसं राहणार, हे मला मान्य आहे. पण भाताचं खाचर पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून सपाट केलेलं असतं, ते एकदा भरून टाकलं की परत मिळत नाही. डोंगराचा पायथा खणला की वरचा उतार सुटतो. मावळातली बांधकामं डोंगरउतार आणि भातखाचरं सोडूनच झाली पाहिजेत. रोज त्या गाडीने जाणाऱ्या हजारो मुलामुलींनी हा बदल नोंदवायला हवा, फोटो काढून, तारखा घालून. त्यांच्याइतकं सातत्याने हे खोरं दुसरं कोणी बघत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर पुण्याहून सकाळी लवकरची लोकल घ्या, रविवार टाळा. जाताना डावीकडे बसा, येताना उजवीकडे, म्हणजे दोन्ही वेळा गड तुमच्या बाजूला राहतील. कान्हे-कामशेतच्या आसपास कापणी चालू असेल. कामशेत सुटल्यावर विसापूरच्या आडून लोहगड कधी बाहेर येतो ते बघा. मुलं बरोबर असतील तर त्यांना एक कागद, पेन्सिल आणि पट्टी द्या आणि मळवलीला उतरा. भाज्याची लेणी स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.